भट्टीवरची खोली

छातीच्या डॉक्टरांनी अम्मीच्या पाठीवरची नळी काढून गळ्यात अडकवली आणि अब्बांना विचारलं, "घरात चूल आहे का?"

"चूल न्हाई, गॅस हाय," अब्बा म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "खाली भट्टी हाय. आमची बेकरी हाय ना."

"लाकडाची?"

"व्हय."

डॉक्टरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. अम्मीला दमा आहे हे आम्हाला आदल्या हिवाळ्यातच कळलं होतं. गोळ्या झाल्या, वाफ झाली, कुणी सांगितलेला अडुळशाचा काढा झाला. तोंडानं ओढायचा औषधाचा पंप मात्र ती घेत नव्हती, कारण पंपाची सवय लागते असं शेजारणीनं तिच्या डोक्यात भरवलं होतं.

"पंप घ्यायचाच," डॉक्टर म्हणाले. "त्यानं काही वाईट होत नाही. पण धुरात बसून पंप घेणं म्हणजे गळक्या छपराखाली अंग पुसत बसण्यासारखं आहे. यांना त्या घरातून हलवा."

"किती दिवस?" अब्बांनी विचारलं.

"धूर आहे तोवर."

दौंडमधल्या आमच्या घरात धूर अब्बांच्या जन्माच्या आधीपासून होता.

खाली बेकरी आणि वर घर. भट्टी आजोबांनी बांधलेली. ती दिवसातून दोनदा पेटायची, पहाटे पावासाठी आणि दुपारी खारी-टोस्टसाठी. बाभळीची लाकडं मागच्या बोळात रचलेली असायची. भट्टीचं धुराडं भिंतीतूनच वर चढायचं आणि अम्मीच्या खोलीला लागून गच्चीवर निघायचं. थंडीत ती भिंत कोमट असायची. लहानपणी मी आणि माझा भाऊ त्या भिंतीला पाठ लावून अभ्यासाला बसायचो आणि तिथंच पेंगायचो. रमजान ईदला दिलेला चुना बकरी ईदपर्यंत छताकडून पिवळा पडायला लागायचा. पण याला आम्ही कुणी धूर म्हणत नव्हतो. तो घराचा वास होता. लग्न होऊन मी शिरूरला गेले आणि सुट्टीत माहेरी जाऊन परत आले, तेव्हा बॅग उघडल्यावर पहिल्यांदा तो मला वेगळा असा जाणवला.

हे सगळं घडलं तेव्हा मी शिरूरला प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. माझे पती शिक्रापूरकडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. आमचं घर दोन खोल्यांचं, पण वर मोकळी गच्ची होती. मी डॉक्टरांच्या दवाखान्यातच म्हटलं, "अम्मीला मी नेते." अम्मीनं माझ्याकडं पाहिलं, मग अब्बांकडं पाहिलं. लेकीच्या सासरी जाऊन राहायचं ही कल्पना दोघांनाही जड जात होती. पण त्या वेळी तिला धड एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. वाद घालायला दम लागतो, आणि तोच तिच्याकडं नव्हता.

शिरूरला आल्यावर पहिले काही दिवस ती नुसती बसून असायची. मग हळूहळू खोकला उतरायला लागला. एकदा मी शाळेतून आले तर ही गच्चीवर कपडे वाळत घालत होती. जिना चढून, ओली बादली घेऊन. मी ओरडणार तेवढ्यात ती म्हणाली, "बघ, न थांबता चढले." शाळेतल्या पोरीनं पाढा म्हणून दाखवावा तसं ते सांगितलं तिनं. त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं, आणि त्याच वेळी एक गोष्ट पक्की कळली. डॉक्टर खरं बोलत होते. म्हणजे आता तिला परत पाठवता येणार नव्हतं.

अब्बा दर शुक्रवारी यायचे. जुम्म्याची नमाज झाली की एसटी धरायची. पाटस, वरवंड, चौफुला, न्हावरा करत संध्याकाळी शिरूरला पोचायचं. हातात टोस्टचा पुडा आणि एका पिशवीत धुतलेले कपडे. आल्या आल्या ते आधी न्हाणीघरात जायचे. अंघोळ करून, कपडे बदलून मगच अम्मीच्या समोर बसायचे, आणि तेही जरा लांब, दाराजवळच्या खुर्चीत. त्यांच्या अंगाला भट्टीचा वास येतो आणि तिला त्रास होईल, म्हणून. कुणी त्यांना असं करायला सांगितलं नव्हतं.

अम्मी एकदा म्हणाली, "असे नटून लांब बसता, तर पाहुणे वाटता मला."

"पाहुणाच हाय की मी हितं," अब्बा म्हणाले.

दोघं हसले. घरात आम्ही अर्धी हिंदी आणि अर्धी मराठी बोलायचो. अब्बांची मराठी मात्र पक्की दौंडची, गिऱ्हाइकांत तयार झालेली. मनातलं बोलायचं असलं की ते मराठीत बोलायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे जायच्या आधी चप्पल घालता घालता त्यांनी सांगितलं, "म्या ठरवलंय. भट्टी बंद करतो. पोरगं दुसरं काय तरी बघंल."

अम्मी ताडकन उठली. "भट्टी बंद केली तर मी दौंडला पाऊलच ठेवणार न्हाई. माझ्या खोकल्यापायी घराची रोटी बंद झाली, असं गावानं म्हणायचं का?"

"मग काय करू? तूच सांग."

विजेची भट्टी घ्यावी तर ते भारनियमनाचे दिवस होते. दिवसातले कितीतरी तास वीज नसायची. पीठ फुगून बसलं असतं आणि भट्टी थंड राहिली असती. डिझेलची भट्टी झेपणारी नव्हती. अब्बा गेले. अम्मी खिडकीतून रस्त्याकडं बघत राहिली. मी स्वयंपाकाला लागले, पण पोळ्या लाटताना डोक्यात तेच चाललं होतं.

पुढच्या शुक्रवारी अब्बा आले ते वेगळ्याच चेहऱ्यानं. अंघोळीलाही थांबले नाहीत. दारातूनच म्हणाले, "धूर खाणारी मशीन निघालीय! डोळ्यांनी बघून आलोय."

दौंडमध्ये स्टेशनजवळच्या एका दुकानात कुणी कंपनीचा माणूस आला होता. त्यानं काचेची पेटी मांडली, तिच्यात उदबत्ती पेटवून धूर भरला, आत एक छोटं यंत्र ठेवलं आणि बटण दाबलं. बघता बघता पेटी स्वच्छ. अब्बांनी त्याला पुन्हा करायला लावलं. त्यानं पुन्हा केलं. ते यंत्र आठवडाभर वापरून बघायला द्यायला तो तयार होता. अब्बांनी ते आणून अम्मीच्या खोलीत बसवलंसुद्धा होतं.

माझ्या पतींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आत फिल्टर आहे का?"

"फिल्टर-बिल्टर काय न्हाई म्हणला. धुवायचं न्हाई, बदलायचं न्हाई. नुसतं लावायचं."

"मग धूर जातो कुठं?"

"पेटीतनं गेला की," अब्बा म्हणाले. पण अम्मीनं तोवर बॅग भरायला घेतली होती. इतक्या दिवसांत मी तिला एवढ्या घाईनं काही करताना पाहिलं नव्हतं. तिला थांबवायचं माझ्या जिवावर आलं. शनिवारची शाळा सकाळची असायची. ती सुटल्यावर मीही दोघांबरोबर दौंडला गेले.

खोली अब्बांनी धुऊन घेतली होती. नवी चादर होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर ते यंत्र होतं, निळा दिवा लागलेलं, आवाज अजिबात नाही. आत पाऊल टाकलं आणि एक उग्र, नाकात टोचणारा वास आला. झेरॉक्सच्या दुकानात मशीन तापल्यावर येतो तसा. "हाच ताज्या हवेचा वास, पाऊस पडून गेल्यावानी," अब्बांनी त्या माणसाचे शब्द जसेच्या तसे सांगितले. अम्मी पलंगावर बसली, चादरीवरून हात फिरवला, भिंतीला हात लावून बघितला. तिच्या तोंडावरचा आनंद बघून मी वासाबद्दल काही बोलले नाही.

दुपार कलताना खाली भट्टी पेटली. अम्मीचा घसा आधीच खवखवायला लागला होता. तासाभरात खोकला सुरू झाला. अब्बांनी यंत्राचं बटण वाढवलं. खोकला आणखी वाढला. डोळ्यांतून पाणी, छातीत शिट्टी. मी खिडकी उघडायला धावले, आणि अब्बांनी वायर धरून ते यंत्र भिंतीतून उपटलं. पंप दिल्यावर थोड्या वेळानं अम्मीला श्वास मिळाला. तिनं अब्बांचा हात धरला होता आणि त्या हाताकडंच बघत होती. अब्बा म्हणाले, "चल, तुला शिरूरला सोडतो." ती उठली आणि चप्पल शोधायला लागली.

भावानं ते यंत्र त्याच संध्याकाळी परत केलं.

पुढच्या तपासणीला आम्ही ही सगळी हकीकत डॉक्टरांना सांगितली. मला वाटलं होतं ते रागावतील. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ज्या यंत्रातून वास येतो ते दम्याच्या माणसाजवळ ठेवायचं नाही. त्यातून जो वायू निघतो तोच छातीला झोंबतो. पंख्यानं हवा ओढून दाट फिल्टरमधून गाळणारी यंत्रं असतात, तसलं मिळालं तर उपयोग होईल. पण लक्षात ठेवा, ते दुसरं काम. पहिलं काम म्हणजे धूर खोलीत शिरतो कुठून ते शोधणं आणि ती वाट बंद करणं. आणि पंप सोडायचा नाही."

बाहेर आल्यावर माझे पती अब्बांना म्हणाले, "काचेच्या पेटीत त्यानं धूर एकदाच भरला होता, अब्बा. आपल्याकडं तो दिवसभर येत राहतो. डॉक्टर बरोबर बोलतायत. आधी वाट शोधू."

रविवारी आम्ही तिघं, म्हणजे अब्बा, माझे पती आणि मी, खिडक्या लावून अम्मीच्या त्या रिकाम्या खोलीत उभे राहिलो आणि भावाला खाली भट्टी पेटवायला सांगितली. आजवर त्या धुरात जन्म काढला, पण तो येतो कसा हे कधी कुणी बघितलं नव्हतं. आधी दाराखालून आला. बेकरीतून वर येणारा आतला जिना म्हणजे दुसरं धुराडंच होतं. भट्टीचं तोंड उघडलं की भपकारा सरळ जिन्यानं वर. मग अब्बांनीच दुसरी जागा दाखवली. धुराड्याची भिंत छताला मिळते तिथं बोटभर चीर होती, आणि तिच्यातून एक बारीक निळसर रेघ खोलीत उतरत होती.

"आन् मी दर सालाला वरनं चुना मारत व्हतो," ते म्हणाले.

गवंडी आला. चीर खोदून, भरून पक्की केली. धुराडं गच्चीच्या वर आणखी उंच नेलं, म्हणजे धूर खाली वळून खिडकीत यायला नको. आतला जिना वरून बंद करून टाकला आणि बोळाच्या बाजूनं लोखंडी जिना लावला. भावाला त्याचा वैताग आला, कारण जेवायला वर यायचं तर आता बेकरीला वळसा घालून यायला लागायचं. पण त्याच्या बायकोनं त्याला सांगितलं, "चालत या. पोट कमी होईल." तिच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर बसणारी काजळी त्याच आठवड्यात कमी झाली होती.

खोलीत तरीही थोडा धूर यायचाच. दार उघडलं की यायचा, बोळातून यायचा. तेवढ्यासाठी यंत्र हवं होतं. माझ्या पतींनी खोली मापून घेतली. त्यांच्या कारखान्यात रंगकामाच्या विभागात हवा गाळायचे मोठाले फिल्टर असायचे, ते बदलायचं काम त्यांच्याकडं होतं. त्यामुळं काय विचारायचं हे त्यांना ठाऊक होतं. आम्ही तिघं पुण्याला गेलो.

दुकानातला तरुण हुशार होता आणि बोलका होता. त्यानं आधी सगळ्यात देखणं यंत्र दाखवलं. रिमोट, रंग बदलणारा दिवा, आणि आत घालायच्या सुगंधाच्या वड्या. गुलाब, चंदन, लिंबू.

"सुगंध नको, भाऊ," अब्बा म्हणाले. "हाय तो वास जाऊ द्या. नवा आणू नका."

"काका, सगळे हेच नेतात."

"त्यांच्या घरात दमा नसंल."

माझ्या पतींनी यंत्राचं झाकण उघडायला सांगितलं. त्या देखण्या यंत्राच्या आत वहीच्या पुठ्ठ्याएवढी पातळ जाळी होती. दुसऱ्या यंत्रात फिल्टर बरा होता, पण ते लहान खोलीसाठी होतं; आमच्या खोलीत त्याला दम लागला असता. तिसरं एक पांढरं, खोक्यासारखं, अगदी साधं होतं. त्याचं झाकण काढल्यावर आत घड्या घातलेला जाड कागदी फिल्टर निघाला, आणि त्याच्या पुढं कोळशाचे दाणे भरलेली वेगळी जाळी, वासासाठी. आमच्या खोलीपेक्षा जरा मोठ्या खोलीला पुरेल असं होतं. त्यालाही आयनचं, म्हणजे त्या पहिल्या यंत्रासारखा वायू सोडणारं, बटण होतं. ते कायम बंद ठेवता येतं का, हे माझ्या पतींनी दोनदा विचारलं आणि बंद करून पाहिलं. मी विचारलं की फिल्टर भरला की नवा मिळेल का, की पुढच्या वर्षी हे मॉडेलच बंद झालं म्हणून सांगाल? त्या तरुणानं आतून नव्या फिल्टरचं खोकं आणून दाखवलं.

अब्बांनी यंत्र चालू करायला लावलं आणि वाकून हवा बाहेर यायच्या जाळीला नाक लावलं. आजूबाजूचे लोक बघत होते. ते तसेच वाकून राहिले.

"काय वास येतोय?" मी विचारलं.

"कसलाच न्हाई," ते म्हणाले आणि सरळ झाले. "हेच द्या."

आवाज होता त्याला, टेबलफॅनसारखा. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, अम्मीला आवाजाचा त्रास होईल. अब्बा म्हणाले, "पीठ मळायच्या मशीनच्या आवाजात झोपलेली बाई हाय ती." वीज गेल्यावरची सोय आधीच करून ठेवली होती. बेकरीतल्या दिव्यांसाठी इन्व्हर्टर होता, त्याच्यावरून वर एक वायर ओढली.

अम्मी या वेळी बॅग भरायला घाई करत नव्हती. मी म्हटलं, सुट्टी आहे, मी तुझ्याबरोबर राहते, नाही जमलं तर दोघी परत येऊ. तिनं मान हलवली. दौंडला पोचल्यावर लोखंडी जिन्यावरून एकेक पायरी बघत चढली. खोलीच्या दारात थांबली आणि नाकानं हवा घेतली. घाबरत घाबरत, थोडी थोडी.

दुपारी भट्टी पेटली. आम्ही दार लावून बसलो होतो. यंत्र घूं घूं करत होतं. मी उगाच माझ्या शाळेच्या गोष्टी सांगत होते आणि माझं सगळं लक्ष तिच्या छातीकडं होतं. तासभर गेला. अम्मीनं दाराखालच्या फटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पेटली ना भट्टी?"

"केव्हाच."

"खरं सांग."

मी तिला खिडकीतून गच्चीकडं बघायला लावलं. उंच धुराड्यातून धूर वरच्या वर जात होता. ती बघत राहिली आणि मग पलंगावर आडवी झाली. उशा रचून टेकून नव्हे, सपाट आडवी. गेले कित्येक महिने मी तिला तसं निजलेलं पाहिलं नव्हतं.

पहाटे पावाची भट्टी लागली तेव्हा मला जाग आली. खाली लाकडं टाकल्याचा आवाज, भावाचं बोलणं. अम्मी कुशीवर झोपली होती. मी बराच वेळ ऐकत पडले. श्वास येत होता, जात होता, शिट्टी नव्हती. उजाडल्यावर दारावर हलकी टकटक झाली. अब्बा होते, हातांना पीठ लागलेलं. आत न येता त्यांनी मला खुणेनं विचारलं, कशी आहे? मी काही सांगायच्या आत पलंगावरून आवाज आला, "दारात उभे राहून हवा आत सोडू नका. आत तरी या, न्हाईतर बाहेर तरी जा."

अब्बा आत आले, दार लावून घेतलं आणि मटकन तिच्या पायाशी बसले. मी चहा करायला म्हणून बाहेर पडले. स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकले आणि मला रडू आलं. वहिनीनंच आधण ठेवलं.

दमा गेला नाही. तो सहसा कुणाचा जात नाही. पंप चालू राहिला, थंडीच्या दिवसांत कधीतरी डॉक्टरांकडं धावावंही लागलं. पण अम्मी आपल्या घरात राहिली. फिल्टर बदलायची वेळ आली तेव्हा माझ्या पतींनी जुना काढून वर्तमानपत्रावर ठेवला. पांढरा आणला होता, तो तव्याच्या बुडासारखा झाला होता. अम्मीनं त्याच्यावरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि म्हणाली, "या अल्ला, एवढं मी खात होते!" मग भावाला हाक मारून तो त्यालाही दाखवला. त्यानं दुसऱ्याच दिवसापासून भट्टीपुढं उभं राहताना तोंडाला रुमाल बांधायला सुरुवात केली.

आणखी एक झालं, ज्याचा आम्ही कुणी विचारच केला नव्हता. अब्बा दुपारी खाऊन त्या खोलीत आडवे व्हायला लागले. त्यांना सकाळी उठल्यावर खाकरत बसायची सवय होती. आम्हाला ती त्यांची सवयच वाटायची, कोंबडा आरवतो तशी. काही महिन्यांनी मी माहेरी गेले असताना सकाळी अब्बा उठून बसल्यावर अम्मीनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "ऐक."

मी कान दिला. खालून पाववाल्यांच्या सायकलींच्या घंटा ऐकू येत होत्या.

"काय ऐकू? काहीच नाही."

"तेच तर," अम्मी म्हणाली, आणि दोन कपबशा घेऊन अब्बांकडं गेली.